जुन्या कलावंताची कारकीर्द तारीखवार कशी लावावी

माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक असते. तिच्यात काही फोटो, दोन-चार हँडबिलं, कडेला टवका उडालेली एखादी तबकडी, एक मानपत्र. आणि सोबत तोंडी चालत आलेली माहिती: आजोबा नाटक कंपनीत राजापार्ट करायचे, आत्याबाई प्रभात फिल्म कंपनीत होत्या. एवढ्या ऐवजावरून त्या माणसाची कारकीर्द वर्षवार, पुष्कळदा महिनावारही लावता येते. नाटक, बोलपट, तमाशा, रेडिओ, क्षेत्र कुठलंही असो, पद्धत एकच: त्या काळातला कागद आधी, आठवण नंतर, आणि प्रत्येक नोंदीपुढे ती कशावरून घेतली हे लिहिलेलं. ही शेवटची गोष्ट राहिली, तर दोन वर्षांनी आपलीच वही आपल्याला वापरता येत नाही. मग चूक कुठली आणि खरं कुठलं हे ओळखायला सगळं पुन्हा करावं लागतं.

तक्ता आधी आखा

ट्रंक उघडण्याआधी सात रकान्यांचा तक्ता करा: तारीख, तारखेची प्रत (म्हणजे ती किती भरवशाची), काय झालं, कुठे झालं, कागदावर छापलेलं नाव जसंच्या तसं, काम किंवा भूमिका, पुरावा. वहीत केलात तर एका पानावर दहाच ओळी आखा, मधे भर घालायला जागा लागते. संगणकावर केलात तर तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. नुसतं वर्ष कळलं असेल तर महिना आणि दिवस यांच्या जागी शून्यं लिहा. अंदाजाने १ जानेवारी टाकू नका, पुढे तीच खरी तारीख म्हणून फिरायला लागते.

तारखेच्या प्रती तीन. घटना घडल्यावर लगेच लिहिलेला कागद म्हणजे ‘अ’: वर्तमानपत्रातलं परीक्षण, पैशाची पावती, तारखेचं पत्र, रोजनिशी. घटनेआधी छापलेला कागद ‘ब’: जाहिरात, हँडबिल, करारपत्र. आणि पुष्कळ नंतर सांगितलेलं ‘क’: आठवण, एकसष्टीचा गौरवांक, मृत्युलेख. ‘अ’ आणि ‘ब’ यांची गल्लत ही या कामातली सगळ्यात मोठी चूक. हँडबिल प्रयोग होणार एवढंच सांगतं. नटाचा आवाज बसला, सामानाचा रेल्वेडबा वेळेत पोहोचला नाही, बुकिंग झालं नाही, अशा कारणांनी ठरलेला प्रयोग रद्द व्हायचा किंवा दुसराच नट उभा राहायचा. गौरवांकाबद्दल आणखी एक सांगायला हवं: पाच लेखांत एकच साल दिसलं म्हणजे पाच पुरावे झाले असं नाही. बहुतेक वेळा चौघांनी पहिल्याचंच उतरवून घेतलेलं असतं. तो एकच ‘क’ धरा.

हँडबिल वाचायचं कसं

हँडबिलावर वार आणि तारीख असते, साल नसतं. दुसऱ्या आठवड्यात तो कागद रद्दीच होणार होता, साल छापायचं कशाला? पण साल काढता येतं. समजा कागदावर आहे: ‘शनिवार, ता. १४ नोव्हेंबर, रात्रौ ९॥ वाजता’. मोबाइलच्या कॅलेंडरात मागे जा. १४ नोव्हेंबरला शनिवार १९१४, १९२५, १९३१, १९३६, १९४२ आणि १९५३ साली येतो. सहा सालं हाती आली.

आता दर पाहा. ‘३-०-०, २-०-०, १-८-०’ असे तीन भाग असतील तर ते रुपये-आणे-पै. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली, म्हणजे कागद त्याआधीचा. दरात ‘नवे पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ यांमधला, कारण १ जून १९६४ पासून ‘नवे’ हा शब्द गेला. दराखाली ‘कर निराळा’ असं असेल तर तो करमणूक कर, आणि तो मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने आला. आपल्या उदाहरणातलं १९१४ इथे गळतं. प्रयोगाच्या वेळेपुढे काही छापलंय का तेही बघा. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात घड्याळं एक तास पुढे केलेली होती. ‘नवी वेळ’ अशा अर्थाचे शब्द असतील तर कल १९४२ कडे झुकतो.

उरलेली सालं नटसंचावरून गाळायची. एखाद्याचं मृत्यूचं साल पक्कं माहीत असेल तर तिथे भिंत उभी राहते. केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनी एकत्र केलेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग ८ जुलै १९२१ चा, आणि त्याच ऑक्टोबरात केशवराव गेले. या दोघांना १९२२ नंतर एका रंगमंचावर पाहिल्याची आठवण कुणी सांगत असेल, तर ती आठवण दुसऱ्या कुठल्या तरी प्रयोगाची आहे.

कागदाच्या अगदी तळाशी, पुष्कळदा मुंगीएवढ्या अक्षरात, छापखान्याचं नाव आणि गाव असतं. ते छापणं १८६७ च्या कायद्याने बंधनकारक होतं, म्हणून सहसा चुकत नाही. कंपनी मुक्कामाच्या गावीच हँडबिलं छापून घ्यायची, त्यामुळे नाट्यगृहाचं नाव फाटून गेलं असलं तरी छापखान्यावरून गाव बहुधा सापडतं. भिंग घेऊन ही ओळ वाचाच. कात्रण चिकटवताना लोक नेमकी तीच कापून टाकतात.

पत्रांवर आणि मानपत्रांवर शक असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना ठाऊक आहे. चूक होते ती माघ-फाल्गुनात. शके गुढीपाडव्याला बदलतो, सन जानेवारीत. म्हणून जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. शके १८४५ चा फाल्गुन १९२४ सालचा, १९२३ चा नव्हे. पौष दोन सालांत पडतो, तिथे पंचांग उघडल्याशिवाय गत्यंतर नाही.

पुण्यात नदीकाठच्या पेठांतल्या घरचे कागद असतील तर डागही वाचा. पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं आणि शनिवार, नारायण, कसबा अशा भागांत कागदांच्या ट्रंका पाण्याखाली गेल्या. पुराच्या पाण्याचा डाग गळक्या कौलांच्या डागापेक्षा वेगळा असतो. त्याच्या कडेला बारीक गाळ बसलेला असतो आणि कोरड्या बोटाला तो खरखरीत लागतो. असा डाग असलेला कागद त्या दिवसाच्या आधीचा. हा गाळ पुसायला जाऊ नका, मऊ कोरड्या ब्रशाने फक्त सुटी धूळ काढा.

नाव एक, माणसं अनेक

छापलेलं नाव जसंच्या तसं लिहायला सांगितलं त्याचं कारण इथे कळतं. ‘सुलोचना’ हे एकच नाव घ्या. मूकपटांच्या काळात गाजलेल्या सुलोचना म्हणजे रूबी मायर्स. मराठी-हिंदी चित्रपटांत आईच्या भूमिकांनी घराघरांत पोहोचलेल्या त्या सुलोचना लाटकर. लावणीच्या सुलोचना चव्हाण वेगळ्या, आणि लग्नाआधीच्या तबकड्यांवर त्याच सुलोचना कदम आहेत. नुसतं ‘सुलोचना’ एवढं छापलेलं कात्रण तिघींपैकी कुणाचंही असू शकतं.

स्त्री कलावंतांच्या बाबतीत नावाची साखळी आधी पक्की करा, मग शोधाला लागा. ज्योत्स्ना भोळे आधी दुर्गा केळेकर होत्या, उषा किरण उषा मराठे होत्या, हंसा वाडकर यांचं मूळ नाव रतन साळगावकर. लग्नानंतरचं एकच नाव घेऊन बसलात तर पहिली पाच-सात वर्षं हाताला लागतच नाहीत, आणि ‘लग्नाआधी काही काम केलेलं दिसत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष वहीत जातो. हा त्या बाईंवर मोठाच अन्याय होतो.

पुरुषांत घोळ होतो पदव्यांचा. ‘मास्टर’ हे बिरुद पोरवयात लागायचं आणि म्हातारपणीही तसंच राहायचं, म्हणून ‘मास्टर’ दिसलं की बालनट धरू नका. ‘गंधर्व’ही सांभाळून वाचा: बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, छोटा गंधर्व म्हणजे सौदागर गोरे. शिवाय ‘गंधर्वांत होता’ याचा अर्थ पुष्कळदा गंधर्व नाटक मंडळीत नोकरीला होता, एवढाच असतो. त्यातही पगार दरमहा होता की दर नाइटला, म्हणजे प्रयोगागणिक, हे पाहा. दरमहा पगार आणि बिऱ्हाडात जेवण असेल तर कंपनीचा नट. नुसत्या नाइटच्या पावत्या असतील तर कंत्राटी प्रयोग, आणि त्या काळात तो दुसरीकडेही काम करत असण्याची शक्यता मोठी.

वर्तमानपत्रं

हँडबिलावरून सालाचा अंदाज आला की ‘ब’ची ‘अ’ करायला वर्तमानपत्रांकडे जायचं. पुण्यापुरतं बोलायचं तर ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ ते १९५१, ‘केसरी’ १८८१ पासून, ‘सकाळ’ १ जानेवारी १९३२ पासून. पुणे नगर वाचन मंदिर आणि पुणे मराठी ग्रंथालय यांसारख्या जुन्या ग्रंथालयांत जाण्याआधी फोन करून कोणत्या वर्षांचे अंक पाहायला मिळतील ते विचारा. बांधीव अंक ठिसूळ असतात, दरवेळी काढून देतीलच असं नाही.

एका बैठकीत दोन महिन्यांपेक्षा जास्त अंक चाळू नका. डोळा सरावला की जाहिराती नुसत्या समोरून जातात, दिसत नाहीत. प्रयोगाच्या तारखेआधीचे चार दिवस जाहिरातीसाठी आणि नंतरचे दहा दिवस परीक्षणासाठी, एवढी पट्टी ठरवून घ्या. परीक्षणात नाव नसेल तर ‘आयत्या वेळी’, ‘ऐवजी’, ‘प्रकृतीच्या कारणाने’ हे शब्द शोधा, बदली नटाची नोंद तिथेच लपलेली असते. आणि अंक चाळूनही काही सापडलं नाही, तर कोणते अंक चाळले ते तारखेसह लिहून ठेवा.

तबकड्या

तबकडीवर दोन वेगळे क्रमांक असतात आणि नवखा माणूस त्यातला चुकीचा उतरवतो. लेबलवर छापलेला मोठा क्रमांक विक्रीचा. दुसरा, लेबल आणि शेवटचा खाचा यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला, तो ध्वनिमुद्रणाचा. तबकडी खिडकीजवळ तिरपी धरली की तो उजळतो. कोरलेला क्रमांक प्रत्यक्ष गायलं कधी याच्याशी जोडलेला असतो, लेबलवरचा बाजारात कधी आली याच्याशी. दोन्हींत बरंच अंतर असू शकतं. लोकप्रिय गाणी नव्या लेबलवर पुन्हा निघायची. नोंदीत दोन्ही क्रमांक घ्या, दोन्ही बाजूंचे.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण सव्वातीन मिनिटं मावायची. रंगमंचावर जे पद वीस मिनिटं रंगायचं, ते तबकडीत तेवढ्यातच बसवलेलं असतं. म्हणून तबकडीवरून त्या गायक-नटाच्या रंगमंचावरच्या गाण्याचा विस्तार जोखू नका.

वेगाचंही तसंच. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे हा आकडा पुढे पक्का झाला. सुरुवातीच्या तबकड्या थोड्या कमी-जास्त वेगाने मुद्रित झालेल्या आहेत. चार-साडेचार फेऱ्यांचा फरक पडला की सूर जवळजवळ एका पट्टीने सरकतो, काळी चारचं गाणं पांढरी सहात ऐकू येतं. ‘त्यांचा आवाज फार चढा होता’ असं लिहिण्याआधी हार्मोनियम शेजारी घेऊन पट्टी तपासा. दोन स्वरांच्या मधेच कुठे तरी सूर लागत असेल तर वेग चुकलेला आहे.

वाजवायला सुई खास अठ्ठ्याहत्तरचीच हवी, टोकाला सुमारे तीन हजारांश इंचाची. एलपीची सुई एक हजारांश किंवा त्याहून बारीक असते. ती खाचेच्या तळाशी घासत जाते, खरखर वाढते आणि तबकडीही झिजते. स्वच्छ करायला स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात नको. या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या, त्या अल्कोहोलमध्ये विरघळतात. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ कापड खाचेच्या दिशेने, लेबल कोरडं. ठेवायच्या त्या उभ्या. आडव्या रचल्या की खालच्या तडकतात.

बोलपट

चित्रपटाच्या बाबतीत पुण्याचं भाग्य थोर. प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला कोल्हापुरात निघाली आणि १९३३ ला पुण्यात आली. त्याच जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आणि १९६४ साली सुरू झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय लॉ कॉलेज रोडवर. तिथे जाताना चित्रपटाचं नाव, साल, भाषा आणि काय पाहायचंय ते लेखी न्या. ‘आजीचे चित्रपट दाखवा’ म्हटल्यावर कुणालाच मदत करता येत नाही. चित्रपट नसला तरी गाण्यांची पुस्तिका, स्थिरचित्रं, पोस्टर यांची चौकशी वेगवेगळी करा.

प्रभातच्या पुष्कळ बोलपटांच्या मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्या निघाल्या. त्या दोन स्वतंत्र नोंदी. संच दरवेळी तोच असतो असं नाही. १९४१ च्या ‘शेजारी’त केशवराव दाते आहेत, हिंदी ‘पडोसी’त त्यांच्या जागी मझहर खान. एकावरून दुसऱ्याचं श्रेय भरलं की चूक ठरलेली.

सेन्सॉर सर्टिफिकेट मिळालं तर लांबी उतरवून घ्या. ३५ मिलिमीटरचा बोलपट मिनिटाला ९० फूट चालतो. सर्टिफिकेटवर १२,६०० फूट असेल तर चित्रपट १४० मिनिटांचा. आज उपलब्ध प्रत १२० मिनिटांची निघाली, तर १,८०० फूट गहाळ आहेत. आजी ‘माझं एक गाणं होतं’ म्हणत असतील आणि प्रतीत ते नसेल, तर आधी हा हिशेब करा, मग त्यांच्या आठवणीवर शंका घ्या.

घरात जुनी रिळं निघाली तर डबा उघडायचा मोह आवरा. १९५० च्या आसपासपर्यंतची फिल्म बहुधा नायट्रेटची असते. ती झपाट्याने पेटते आणि पाण्यानेही विझत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेटच्या साठ्याला आग लागून जुने चित्रपट गेले. डबा उन्हापासून, देवघराच्या समईपासून लांब ठेवा, एसटीने किंवा कुरियरने पाठवू नका, संग्रहालयाला कळवून त्यांच्या सल्ल्याने हलवा. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती नंतरची ॲसिटेट फिल्म. तिला आगीची तेवढी भीती नाही, पण ती कुजू लागली आहे आणि शेजारच्या डब्यांनाही तो रोग लागतो. ती वेगळी काढा.

रेडिओ आणि तमाशा

रेडिओचं सोपं आहे. आकाशवाणीच्या करारपत्रावर तारीख, वेळ, मिनिटं, मानधन सगळं असतं. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. त्याआधीचं ‘पुणे रेडिओवर गायले’ हे मुंबई केंद्राचं असणार.

तमाशाचं अवघड. सुपारी तोंडी ठरायची, हँडबिल निघायचंच असं नाही. तिथे गावाकडून शोधा. जत्रा तिथीने ठरलेली असते आणि यात्रा कमिटीच्या हिशेबवहीत फडाचं नाव आणि दिलेली रक्कम सापडू शकते. नारायणगावला पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात आणि जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. जुने व्यवस्थापक भेटण्याची ती जागा आणि तो काळ.

आठवणी शेवटी घ्या

कागदांचा तक्ता निम्मा भरल्यावरच म्हाताऱ्या माणसांकडे जा. तासाभरापेक्षा जास्त बसवू नका. पंखा बंद करा, त्याची घरघर रेकॉर्डिंगभर येते. मोबाइल घडी केलेल्या रुमालावर ठेवा, म्हणजे टेबलावर पेला आपटल्याचा आवाज येत नाही. साल विचारू नका. ‘तेव्हा तुम्ही कुठल्या वाड्यात राहत होता?’, ‘पानशेतच्या आधी की नंतर?’, ‘धाकटी झाली होती का?’ असं विचारा. वाडे बदलल्याच्या तारखा भाडेपावत्यांवर मिळतात. फोटो एकेक द्या, गठ्ठा नको, आणि ‘हे अमुकच ना?’ असं कधीही विचारू नका. समोरचा माणूस आदराने ‘हो’ म्हणतो.

सांगितलेलं लगेच तपासा. ‘बालगंधर्वांना बालगंधर्व रंगमंदिरात गाताना ऐकलं’ असं मनापासून सांगणारे भेटतात. नारायणराव १५ जुलै १९६७ ला गेले, रंगमंदिराचं उद्घाटन २६ जून १९६८ चं. ते खोटं बोलत नसतात, दोन आठवणी एकमेकींत मिसळलेल्या असतात. अशी आठवण खोडू नका, ‘क’ म्हणून ठेवा आणि शेजारी कारण लिहा. दुसऱ्या नाट्यगृहात ऐकलेलं असू शकतं, दुसऱ्या कुणाचं गाणं असू शकतं.

जपून ठेवताना

फोटो ६०० डीपीआयने, हँडबिलं ३०० ते ४०० ने स्कॅन करा, आणि प्रत्येकाची मागची बाजूही. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीतला क्रमांक, ‘चि. बाळूस’ असली ओळ तिथे असते. अल्बममधून फोटो ओरबाडू नका, पानासकट स्कॅन करा. लॅमिनेशन आणि सेलोटेप दोन्ही वर्ज्य. टेपचा गोंद दहा-पंधरा वर्षांत तपकिरी होतो आणि अक्षरं घेऊन निघतो. मूळ वस्तूवर काही लिहायचंच झालं तर मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने.

ध्वनिमुद्रण किंवा चित्रपट इतरांना ऐकवायचा-दाखवायचा असेल तर हक्क पाहा. आपल्याकडे दोन्हींवरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो, पण त्यातल्या कवीचा आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. तबकडी मोकळी झाली म्हणून पद मोकळं झालं असं होत नाही.

तक्त्याच्या दोन प्रती काढा, एक घरात आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकांकडे. १९४३ ते १९४६ च्या ओळी रिकाम्या राहिल्या असतील तर त्या रिकाम्याच ठेवा, ‘या काळात विश्रांती घेतली असावी’ असलं काही भरू नका. त्याऐवजी त्या ओळीत चाळलेल्या अंकांच्या तारखा लिहा: ‘ज्ञानप्रकाश, जून ते ऑगस्ट १९४३, काही नाही.’ पुढचा माणूस सप्टेंबरपासून सुरू करेल.